अजगराचा चेहरा

१२ जानेवारी

आज भर बाजारात एक पोर मामाच्या पांढऱ्या बुटांकडे बोट दाखवून ओरडलं, "अजगर आला! अजगर आला!"

मी समोरच्या दुकानात दोरा घेत होते. पोराच्या आईनं त्याच्या तोंडावर हात दाबला आणि त्याला काखेत मारून ती गल्लीत पळाली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. भाजीवाली पदरात हसली. न्हाव्यानं तर गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे तोंड लपवलं. मामा थांबला आणि बूट आजच पायात आल्यासारखा खाली बघत राहिला.

मी धावतच आमच्या दुकानात आले. धाकटा भाऊ चित्रांना शाई लावत बसला होता.

"अरे, ओळखलं लोकांनी! पोरंसुद्धा ओळखतात!"

त्यानं ब्रश खाली ठेवला. "मामानं ओळखलं का?"

"पोराच्या आधी त्यानंच ओळखलं असेल."

"मग पुढच्या अंकात बूट काळे करू या का, ताई?"

"वेडा आहेस का? बूट म्हणजेच अजगर. बूट काढले तर मागे काय उरतं? एक जाडा माणूस!"

त्यानं पुन्हा ब्रश उचलला. हल्ली बोलतच नाही फारसा.

बाबा गेल्यावर त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात आम्ही दोघांनी 'जोडगोळी चित्रकथा' सुरू केली. मी लिहायचं, त्यानं काढायचं. पहिली चित्रकथा एका पाणबुड्याची होती. ती नातेवाइकांनी घेतली आणि उरलेली वाळवीनं. मग भुताच्या काढल्या, चोरांच्या काढल्या. पोट भरायचं, नाव व्हायचं नाही. मागच्या वर्षी कापड गल्लीतल्या जुन्या घराचा जिना कोसळला आणि वरची म्हातारी खाली आली ती उठलीच नाही. जिना आपोआप कोसळला नव्हता हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. जुनी घरं रिकामी करून देणं हाच मामाचा धंदा. तो कुणाचाच मामा नाही. सगळ्या गावाला मामा बनवतो, म्हणून मामा. त्याच आठवड्यात मी 'अजगर' लिहायला घेतला. घरं गिळणारा माणूस. आणि आज आमचा माणूस बाजारात उभा राहिला!

२० जानेवारी

आज धाकट्याशी वाजलं. सातव्या अंकात अजगराची माणसं एका शिंप्याला त्याच्याच दुकानात मारतात. मी लिहिलं होतं, 'मोठी चौकट, रक्त, उडालेले दात.' यानं काय काढलं? शिंप्याचा चेहरा. नुसता चेहरा! मारणारे कडेला, अर्धे कापलेले.

म्हटलं, "वाचणाऱ्याला ठोसा दिसला पाहिजे."

"ठोसा कसा लागतो ते दिसतंय की."

"मार खाणाऱ्याचे डोळे काढण्यात तू दोन दिवस घालवतोस. गिऱ्हाईक डोळे बघायला पैसे देत नाही."

त्यानं मुकाट्यानं चौकट पुन्हा काढली. दुसरी चांगलीच झाली. हातात कला आहे त्याच्या, फक्त मागे कुणालातरी उभं राहावं लागतं. लहानपणापासून हे असंच. मी नसते तर हा आज कुठेतरी पाट्या रंगवत असता.

भावजय चहा घेऊन आली होती. टेबलावरचं चित्र बघून तिनं कप तिथे ठेवलाच नाही. तशीच परत घेऊन गेली.

३ फेब्रुवारी

भाचा आला होता. मामाचा उजवा हात म्हणून सगळे त्याला भाचा म्हणतात. माणूस मोठा गोड बोलतो. बरोबर दोन दांडगे.

"ताई, आम्हीपण वाचतो बरं का तुमचं पुस्तक," असं म्हणत तो बाबांच्या खुर्चीत बसला. "मामांना एकच वाईट वाटलं. बूट नीट नाही काढलेत. ते विलायती आहेत."

धाकटा म्हणाला, "आम्ही काल्पनिक लिहितो."

भाच्यानं शाईची मोठी बाटली उचलली, झाकण काढलं आणि धाकट्याच्या डोक्यावर सावकाश रिकामी केली. शाई त्याच्या कानांतून गळ्यात उतरत होती. तो हललासुद्धा नाही. मग भाच्यानं त्याला एक ठेवून दिली. ओल्या शाईमुळे असा आवाज झाला की तो अजून माझ्या कानात आहे. दुसरी मारली तेव्हा धाकटा स्टुलावरून खाली पडला. एका दांडग्यानं आठव्या अंकाची पानं गोळा करून त्याच्यावर टाकली आणि वरून पाय दिला.

मी टेबलावरचा बाबांचा पितळी ठोकळा उचलला आणि भाच्याच्या तोंडावर फेकला. भुवई फाटली त्याची! रक्त डोळ्यात गेलं. तो मला मारेल असं वाटलं, पण त्यानं रुमाल काढून भुवईवर धरला आणि हसला. "बाईमाणसावर आम्ही हात टाकत नाही. त्याची गरज पडत नाही."

ते गेले. पण खरं सांगू? मला भीती वाटली नाही. असं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. धाकट्याला म्हटलं, "पाहिलंस?" तो जमिनीवर बसून पानं सोडवत होता. शाईनं एकमेकांना चिकटली होती सगळी.

१० फेब्रुवारी

चौकातल्या पेपरवाल्याला मारलं. त्यानं 'अजगर' दर्शनी टांगला होता. सायकलच्या साखळीनं मारलं, लोक बघत असताना. मी दवाखान्यात जाऊन आले. एक डोळा बंद, पाठीवर साखळीचे डाग ओळीनं उठलेत, दुवा न् दुवा मोजून घ्यावा. त्याची बायको माझ्याशी बोलली नाही. पेपरवाला मात्र म्हणाला, "बाई, सगळे अंक संपले. जे मारायला आले त्यांतल्यापण एकानं खिशात घातला."

परत येताना डोक्यात आठव्या अंकाचं मुखपृष्ठ आलं. अजगराच्या हातात साखळी. खाली मजकूर: 'हा अंक विकणाऱ्याला मार पडतो.'

धाकटा म्हणाला, "ताई, तो माणूस अजून उताणा झोपू शकत नाही."

"म्हणूनच तर! त्याचा मार फुकट जायला नको."

त्यानं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पण मुखपृष्ठ काढलं. साखळी फार सुरेख आलीय.

२२ फेब्रुवारी

आठवा अंक हातोहात गेला. एका वर्तमानपत्रानं माझी मुलाखत घेतली. फोटोत मी ठोकळा हातात धरून उभी आहे. ती त्यांची कल्पना.

त्याच दिवशी दुपारी मामाची माणसं छापखान्यात घुसली. चालू यंत्रात वाळू ओतली. छापखान्याचे मालक आडवे आले तर त्यांचं डोकं यंत्रावरच आपटलं. पुढचे दात गेले. मी भेटायला गेले तेव्हा तोंडात कापूस होता. त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं: 'यापुढे जोडगोळी नको.' आठ वर्षांचा संबंध! माणसं कशी पटकन पाय काढून घेतात. दुसऱ्या गावी छापखाना शोधावा लागेल.

२६ फेब्रुवारी

धाकट्याच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीतून पेटता बोळा टाकला. भावजय ओट्याशी उभी होती. पदर पेटला, केस पेटले. शेजारणीनं गोधडी टाकून विझवलं. मान आणि एक कान भाजलाय. डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही. केस काय, वाढतील.

मी म्हटलं, "पोलिसांत जाऊ, पेपरात देऊ. आता तर त्यांनी बाईवर हात टाकला! त्यांचा शब्द त्यांनीच मोडला."

भावजय कुशीवर पडली होती. पडल्या पडल्या म्हणाली, "वन्सं, तुम्हाला आनंद झालाय का?"

असं कुणी बोलतं का? दुखण्यात माणूस काहीही बोलतं. मी मनाला लावून घेतलं नाही.

बाहेर व्हरांड्यात धाकट्यानं माझा दंड धरला. त्याची बोटं इतकी रुतली की वळ उठलाय. "ताई, बास. अजगर बंद कर. मी तुझ्या पाया पडतो."

"आज बंद केलं तर उद्या तो आणखी दोन घरं गिळेल."

"गिळू दे. ही माझी बायको आहे."

"मग मी कोण आहे?"

त्यानं हात सोडला. भिंतीला डोकं टेकवून उभा राहिला. मी पाठीवर हात फिरवला, समजावलं. शेवटी म्हणाला, "तू ऐकणार नाहीस ना?" मी हसून म्हटलं, "मला ओळखतोस ना तू!"

"हो," म्हणाला. "ओळखतो."

५ मार्च

धाकट्याचा उजवा हात गेला.

सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात आला. म्हटलं, "लग्नाला निघालास का?" म्हणाला, "एका कामाला जाऊन येतो." ब्रश स्वच्छ धुऊन, पुसून, उभे करून ठेवले. एरवी दहादा सांगावं लागतं. टेबल आवरलं. मग माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी, आणि गेला.

जेवायच्या वेळेला एका रिक्षावाल्यानं त्याला दुकानासमोर उतरवलं. हात टॉवेलात गुंडाळला होता. टॉवेल मुळात पांढरा असावा. मी टॉवेल उलगडला आणि पुन्हा झाकला. बोटं बोटांसारखी नव्हती. हाडं बाहेर आली होती, मधली दोन बोटं उलट्या बाजूला वळली होती आणि एका नखाखाली लाकडाची ढलपी शिरली होती.

डॉक्टर म्हणाले, "हातोडा. ओंडक्यावर ठेवून. एकेक बोट वेगळं." मग थांबून म्हणाले, "बाकी अंगावर एक ओरखडा नाही. मनगटावर धरल्याची खूण नाही. यांनी झटापटच केली नाही का?"

धाकटा छताकडे बघत म्हणाला, "चौघं होते. जमलं नाही."

त्याचं घड्याळ आणि अंगठी भावजयीकडे होती. चोरीला गेली असेल म्हणून मी विचारलं, तर तिनं पदराची गाठ सोडून दाखवली. "सकाळीच माझ्याकडे देऊन गेले," म्हणाली. बरं झालं, नाही तर तीही गेली असती.

मी बाहेर येऊन भिंतीवर लाथा मारल्या. अंगठ्याचं नख उखडलं. सोडणार नाही. एकालाही सोडणार नाही.

२८ मार्च

आश्चर्य आहे. सगळं थंड पडलंय. पेपरवाल्यानं पुन्हा दुकान मांडलं, कुणी फिरकलं नाही. काल भाचा रस्त्यात दिसला. भुवईवर व्रण आहे, माझा! त्यानं मान लववून नमस्कार केला आणि बाजू दिली. मामासुद्धा गाडीतून गेला, काच वर करून.

घाबरले. पेपरात हाताची बातमी आली, लोक कुजबुजायला लागले, आणि घाबरले. बळी तो कान पिळी म्हणतात, पण कान कुणाचा पिळला गेला ते आज सगळा बाजार बघतोय. धाकट्याला हे सांगितलं तर म्हणाला, "चांगलं झालं, ताई. आता दुसरं काहीतरी लिही. पाणबुड्याची लिही पुन्हा. मी डाव्या हातानं शिकेन."

"आता? जिंकत असताना?"

"जिंकलो ना? मग झालं की."

त्याचं मन मोडलंय. हात मोडला की चित्रकाराचं सगळंच मोडतं. त्याला उभं करायचा एकच मार्ग आहे, त्याचा सूड.

९ एप्रिल

नववा अंक लिहून झाला. एका बैठकीत. असं मी आजवर लिहिलं नव्हतं.

अजगराची माणसं एका चित्रकाराला पकडतात. ओंडका. हातोडा. पाच बोटं, पाच चौकटी. शेवटचं पान पूर्ण लाल.

चित्रं काढायला पेंटर आणलेत. दुकानांच्या पाट्या रंगवणारे, साठीचे गृहस्थ. हात जड आहे, पण सांगाल तसं काढतात, प्रश्न विचारत नाहीत. पहिल्या दिवशी फक्त म्हणाले, "बाई, हे कुणाचं खरं झालेलं आहे का?" मी म्हटलं, "सगळं खरंच असतं." ते पुन्हा कामाला लागले.

१७ एप्रिल

आज धाकटा दुकानात आला आणि पेंटरच्या खांद्यावरून पानं पाहिली. पाचही चौकटी झाल्या होत्या. तो बघत उभा राहिला. प्लास्टरमधून बोटांची टोकं दिसतात तेवढी, ती हलायला लागली.

"हे छापू नकोस."

"तुझ्यासाठीच आहे."

"माझ्यासाठी असेल तर छापू नकोस. ताई, मी कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे. हे मागतो. अजगर नको. एक चौकटसुद्धा नको."

पेंटर उठून बाहेर गेले. मला तेव्हाच कळलं काय झालंय ते. आपल्या जागेवर दुसऱ्याला बसलेला बघणं कठीण असतं. कलावंताचा मत्सर. मी मऊ आवाजात सांगितलं, "तुझा हात बरा झाला की ही खुर्ची तुझीच आहे." त्यावर तो असा हसला की मला आवडलं नाही.

"तो बरा व्हायचा नाही," म्हणाला. "तसंच ठरलंय."

डॉक्टरांचं म्हणणं असेल. डॉक्टर नेहमीच टोकाचं बोलतात.

२ मे

जसं झालं तसं लिहिते.

गठ्ठे आज सकाळी दुसऱ्या गावच्या छापखान्यातून आले. दुकानाच्या मागच्या अंगणात रचून घेतले. उद्या विक्रेत्यांकडे जायचे होते. मी दुपारी बँकेत गेले. परत येताना वळणावरच धूर दिसला. मी पळत सुटले, मनात एकच, आले पुन्हा, आले. शटर ओढायची लोखंडी सळई दाराशी असते ती उचलली आणि मागे गेले.

धाकटा होता. एकटा. पायाशी रॉकेलचा डबा. डाव्या हातानं एकेक गठ्ठा जाळात लोटत होता. लाल पानं काळी होऊन वर उडत होती.

मी ओरडले, त्यानं ऐकलं नाही. मी त्याला ओढलं, त्यानं मला ढकललं. मी पडले. शेवटचा गठ्ठा त्यानं पायानं आत सारला. मी उठले आणि सळई त्याच्या पाठीत घातली. तो वळला. दुसऱ्यांदा खांद्यावर. तो गुडघ्यावर बसला आणि डोकं वाचवायला उजवा हात वर केला. प्लास्टर निघून आठवडाच झाला होता.

मी त्या हातावर मारलं.

एकदा नाही. दिसत होतं कोणता हात आहे ते. मारताना मी बोलत होते, काय ते आठवत नाही. पेंटर कुंपणावरून आले आणि त्यांनी मला मागून मिठी मारून धरलं, तेव्हा सळई पडली. धाकटा ओरडलाच नव्हता. तो हात पोटाशी धरून आगीकडे बघत होता, काही उरलंय का ते तपासत असल्यासारखा.

मी त्याला दवाखान्यात नेलं नाही. पेंटरनी नेलं.

माझी आठ वर्षं जाळली त्यानं. माझ्या रक्ताच्या माणसानं. मामालाही जमलं नाही ते.

३ मे

भाचा आला. एकटाच. मी राखेत उभी होते. अर्धवट जळलेली पानं काठीनं उकरून तो हसला.

"कळलं आम्हाला नववा छापून आलाय म्हणून. मामांनी गाडी काढायला सांगितली होती. दुकान, घर, तुम्ही, सगळं आजच उरकायचं होतं. मग कळलं जाळला. बघायला आलो."

मी सळई शोधत होते. पोलीस घेऊन गेलेत की पेंटर, माहीत नाही.

"तुमचा भाऊ शब्दाचा पक्का निघाला," भाचा म्हणाला. "मामांना असा माणूस आवडतो. खरंच. त्या दिवशीपण त्यांनी मला सांगितलं, या पोराचा हात धरू नकोस, तो आपणहून ठेवेल. आणि ठेवला त्यानं. पाच बोटं होईपर्यंत उचलला नाही. मी पुष्कळ बघितलेत. असा नाही बघितला."

"कसला शब्द?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून सहन होत नाही. मामाच्या भाच्याला माझी दया आली.

"जाऊ द्या," म्हणाला. "घरी विचारा."

४ मे

भावजय दवाखान्याच्या जिन्यात बसली होती. मानेवरची कातडी ओढल्यासारखी झालीय, तिला पूर्ण वळता येत नाही. मी पायरीवर बसले. तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं.

पेटता बोळा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मामाचा निरोप आला होता. पुढचा नंबर ताईचा. भुवईचा हिशेब बाकी आहे, तिला जिवंत ठेवायची नाही. धाकटा मामाकडे गेला. म्हणाला, लिहिते ती, पण लोक बघतात ते मी काढलेलं. हात माझा आहे. हात घ्या, तिला सोडा. पुन्हा अजगर निघणार नाही. मामानं विचारलं, ती ऐकेल का? हा म्हणाला, माझ्या हाताकडे बघून ऐकेल.

"मी त्यांना म्हटलं होतं," भावजय म्हणाली. "तुमची ताई ऐकायची नाही. तर म्हणाले, माझी ताई आहे ती. तू ओळखत नाहीस तिला."

खाली कुणीतरी फरशी पुसत होतं. बादलीचा आवाज येत होता. बराच वेळ मला तेवढंच ऐकू येत होतं.

आत गेले. धाकटा जागा होता. हात वर टांगला होता. डॉक्टरांनी दोन बोटं काढून टाकलीत. ती हातोड्यानं गेली नव्हती. ती मी घालवली.

"मला सांगितलं का नाहीस?"

राग नव्हता आवाजात, तो असता तर बरं झालं असतं.

"सांगितलं असतं तर तू तेही छापलं असतंस, ताई."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. आणि नेमक्या त्याच क्षणी मला दिसली ती. चौकट. खिडकीतून आलेला उजेड, टांगलेला हात, चादरीवर पडलेली सावली. त्याच्या वाक्याचा फुगा कुठे बसेल तेसुद्धा दिसलं. मी तोंड मिटलं.

त्यानं ते पाहिलं. त्याला माझा चेहरा आयुष्यभर बघून पाठ आहे.

२१ मे

ते दोघं गेले. भावजयीच्या भावाचं बी-बियाण्याचं दुकान आहे, तिथे गल्ल्यावर बसणार. टेम्पोत सामान चढवायला मी गेले होते. भावजयीनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि स्वतः चढवली. बोलली नाही. बोलण्यासारखं तिच्याकडे काही उरलेलं नाही, असलं तरी मी त्या लायकीची नाही.

पोलिसांपुढे धाकट्यानं सांगितलं की तो आगीत पडला. पेंटरनीही तेच सांगितलं. मी पुढे होऊन खरं सांगायला लागले, तर फौजदार म्हणाला, "बाई, तक्रारदारच नाही म्हणतोय, तुम्ही कशाला कागद वाढवता?"

टेम्पो सुरू झाल्यावर धाकटा खाली उतरला. मला वाटलं काही राहिलं. माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तूपण चल. वरची खोली रिकामी आहे. मी तिला समजावीन."

मी त्याला सळईनं मारलं होतं. आणि तो म्हणत होता, चल.

"येते," म्हटलं. "इथलं आवरून येते."

"खरं?"

"खरं."

त्यानं डाव्या हातानं माझ्या डोळ्यांखालचं पुसलं. ओबडधोबड, लहान मूल पुसतं तसं. गेला.

३ जून

काही आवरलं नाही. शटर बंद करून आत बसून असते. वाचकांची पत्रं दाराच्या फटीतून येतात. अजगराचं काय झालं म्हणून विचारतात. अजगराचं उत्तम चाललंय. कापड गल्लीत त्याची चार मजली इमारत उभी राहतेय. काल त्या बाजूनं गेले तर भाचा खाली खुर्ची टाकून बसला होता. मला बघून उठला आणि त्यानं खुर्ची पुढे केली. मी तिथून निघून आले.

भिंतीवर डोकं आपटून पाहिलं. दुखतं फक्त.

१४ जून

आज पेंटरना बोलावलं. येतील असं वाटलं नव्हतं. दाराशी उभे राहिले, आत येईनात.

"बाई, तुमच्या हातात काही नाही ना?" म्हणाले. थट्टा होती की नाही, कळलं नाही. मी दोन्ही हात उघडून दाखवले.

सांगितलं, दहावा अंक काढायचाय. शेवटचा. मामा नाही, बूट नाहीत, त्यांच्या वाटेला जायचं नाही. नाव तेच, 'अजगर'. मागचं अंगण, आग, सळई.

ते उंबऱ्यापर्यंत आले. "भाऊंना विचारलंत?"

"नाही."

"विचारलं तर ते नको म्हणतील."

"म्हणूनच."

त्यांनी मान हलवली, पण गेले नाहीत. धाकट्याच्या स्टुलावर बसले, कागद ताणून लावला, पेन्सिलीला टोक केलं. "भाऊंचा चेहरा मी काढणार नाही," म्हणाले. "ते तुम्ही मला सांगू नका."

"पाठमोरा काढा. पण त्या गुडघ्यावर बसलेल्या पाठीत सगळं आलं पाहिजे. तो कसा..." माझ्या लक्षात आलं, मी उभी राहून हातवारे करतेय. आवाज चढलाय. मला बरं वाटतंय. कित्येक दिवसांनी अंगात जीव आल्यासारखं.

पेंटर माझ्याकडे बघत होते.

"आणि अजगर?" त्यांनी विचारलं. "त्याचा चेहरा कसा हवा?"

मी समोरच्या खुर्चीत बसले, उजेडाकडे तोंड करून. म्हटलं, "बघून काढा."

त्यांनी एक डोळा मिटला, पेन्सिल समोर धरून माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत माप घेतलं.

"बाई, हलू नका," म्हणाले.

मी हलले नाही.